मेट्रोविरोधकाची अनामत

सिटीलिंकच्या बसवरच्या पाट्या सोडल्या, तर पंचवटीचं नाव लावलेली मोठी वाहनं पंचवटीत येत नाहीत. पंचवटी एक्सप्रेस 1975 पासून धावते. ती मनमाडहून सुटते, नाशिक रोडला थांबते आणि मुंबईला जाते. नावावर विश्वासून कोणी काळारामाच्या दर्शनाला तिच्यातून निघालाच, तर नाशिक रोडला उतरून त्याला रिक्षावाल्याशी वेगळी बोलणी करावी लागतात. त्याआधी, 1889 मध्ये, स्टेशनापासून गावात ट्राम आली होती. अरुंद रुळांवरचे डबे घोडे ओढत. ती मेनरोडपर्यंत आली, गंगेच्या अलीकडेच थांबली आणि 1930 नंतरच्या वर्षांत तोट्यात जाऊन बंद पडली. (नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात, बाहेरच्यांनी नकाशा उलटासुलटा करू नये.) तिसरी पाळी मेट्रोची. नाशिकच्या ‘मेट्रो निओ’च्या गंगापूर ते मुंबई नाका या मार्गिकेतल्या स्थानकांची यादी छापून आली, तेव्हा तिच्यात पंचवटी हे नाव दिसलं आणि गंगेपलीकडच्या पंचवटीकरांना क्षणभर भरून आलं. पण यादीचा क्रम असा आहे: थत्तेनगर, शिवाजीनगर, पंचवटी, सीबीएस. ज्याला गंगापूर रोड ठाऊक आहे त्यानं बोटानं हा रस्ता चालून पाहावा. खऱ्या पंचवटीला शिवून सीबीएसला यायचं, तर गाडीला दोन स्थानकांच्या बेचक्यात गंगा दोनदा ओलांडावी लागेल. त्याच वाटेवर वकीलवाडीत पंचवटी नावाचं एक जुनं हॉटेल मात्र आहे. यापेक्षा जास्त बोलत नाही.

तेव्हा पंचवटीच्या एखाद्या मतदारानं उद्या ठरवलं, की या मेट्रोला विरोध म्हणून आपण निवडणुकीला उभं राहायचं, तर पंचवटी कारंजाच्या चौकात त्याची थट्टा होईल हे उघड आहे. जी गाडी आलीच नाही, येणार असली तरी आपल्याकडे येणार नाही, तिला अडवायला हा रस्त्यात उभा राहिलाय, असं लोक म्हणतील. माझं म्हणणं वेगळं आहे. नाशिकची मेट्रो आज गांभीर्यानं घेणारा असा एकच माणूस शक्य आहे, आणि तो म्हणजे तिच्या विरोधात उभा राहून हमखास पडणारा अपक्ष. त्याची अनामत जप्त होणार हे नक्की असल्यामुळे ती मेट्रोच्या समर्थकांनीच वर्गणी काढून भरली पाहिजे. हे चमत्कारिक वाटेल, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

आधी मेट्रोचा इतिहास पाहू. तो लांब आहे आणि त्यात मेट्रो कुठेच नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये महापालिकेच्या निवडणुकीच्या प्रचारात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नाशिक दत्तक घेतलं. दत्तक जाण्याला गावाची हरकत नव्हती. 122 पैकी 66 जागा भाजपला देऊन नाशिकनं संमती कळवली. ऑगस्ट 2019 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मेट्रो निओला मंजुरी दिली. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक होती. 1 फेब्रुवारी 2021 ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी केंद्राच्या अर्थसंकल्पात नाशिकसाठी 2,092 कोटींचा आकडा उच्चारला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला महापालिकेची निवडणूक अपेक्षित होती. इथपर्यंत सगळं रीतीला धरून चाललं होतं: घोषणा पुढे, निवडणूक मागे. घोटाळा असा झाला, की मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूकच आली नाही. आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला, प्रभागांची मोडतोड झाली, प्रशासक बसले आणि मतदान झालं ते थेट 15 जानेवारी 2026 ला. निवडणुकीसाठी जाहीर झालेली मेट्रो निवडणुकीची वाट बघत राहिली, आणि दोघी एकाच थांब्यावर जवळजवळ चार वर्षं उभ्या राहिल्या. शेवटी निवडणुकीची गाडी आली. मेट्रोचा मात्र एक खांबही अजून उभा नाही.

या प्रकल्पाचं यंत्रशास्त्रही ध्यानात घेण्यासारखं आहे. जगात हलक्या रेल्वेची हौस बऱ्याच शहरांना आहे, पण नाशिकइतकी हलकी रेल्वे कोणी कल्पिली नसेल, कारण आपण तिच्यातून रूळच काढून टाकले. अठरा किंवा पंचवीस मीटर लांबीची जोडबस, रबरी टायर, डोक्यावर विजेची तार आणि खाली उन्नत रस्ता. मुंबईत 1962 ते 1971 या काळात बेस्टनं असंच तारेवरचं वाहन जमिनीवरून चालवून पाहिलं होतं. तेव्हा त्याला ट्रॉलीबस म्हणत आणि त्यासाठी दिल्लीच्या अर्थसंकल्पात जागा लागत नसे. यात कमीपणा काही नाही. दोन मार्गिका मिळून बत्तीसेक किलोमीटर, म्हणजे किलोमीटरमागे साधारण 65 कोटी. रुळांवरच्या उन्नत मेट्रोला याच्या कितीतरी पट लागतात. मध्यम शहराला परवडणारा उपाय म्हणून तो सुचला आणि त्यामागचा विचार खोटा नव्हता. पण परवडणारा म्हणजे कोणाला, हे विचारावंच लागतं, कारण नियोजनात निम्म्याहून अधिक पैसा कर्जाचा होता. हे कोणी विचारलं? सत्ताधाऱ्यांनी मेट्रो येणार असं सांगितलं. विरोधकांनी ती का येत नाही असं विचारलं. ती यावी का, कुठून यावी आणि फेड कोणी करावी, हे तीन प्रश्न दोघांच्या बेचक्यात पडले आणि तिथेच राहिले.

आमचा अपक्ष हे प्रश्न उचलतो, आणि तेही नाइलाजानं. मेट्रोच्या बाजूनं बोलायला मेट्रोची माहिती लागत नाही. ‘नाशिकचा कायापालट’ एवढं म्हटलं की सभा पुढे सरकते. विरोधात बोलणाऱ्याला मात्र पहिल्याच कोपऱ्यावर कोणीतरी अडवतो आणि विचारतो, तुला काय कळतं मेट्रोतलं? मग त्याला अहवाल शोधावा लागतो, स्थानकांची नावं पाठ करावी लागतात, कर्ज किती आणि कोणाचं हे सांगावं लागतं. निमाणीच्या बसथांब्यावर उभं राहून तो लोकांना सांगतो, की दुसरी मार्गिका गंगापूरहून सातपूर, सीबीएस, द्वारका असं करत नाशिक रोडला जाणार आहे. आणि बहुतेकांना आपल्या गावाच्या मेट्रोचा मार्ग पहिल्यांदा कळतो तो तिच्या शत्रूच्या तोंडून! समर्थकांनी इतकी वर्षं जी जाहिरात केली नाही, ती हा फुकट करतो.

यावर पहिला आक्षेप सभ्य लोकांचा असतो: एवढा खटाटोप कशाला, हरकती-सूचनांची सोय असते की. असते, पण कशासाठी असते ते पाहा. 2025 च्या अखेरीस तपोवनात सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी सतराशे-अठराशे झाडांवर कुऱ्हाड येणार असं कळलं, तेव्हा लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला, झाडांना मिठ्या मारल्या, अभिनेते सयाजी शिंदे येऊन उभे राहिले, प्रकरण राज्यभर गाजलं. हे होऊ शकलं, कारण शहरातलं झाड तोडायचं तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं जाहीर नोटीस द्यावी लागते आणि हरकती ऐकाव्या लागतात. बाभळीच्या झाडाला कायद्यानं जी सुनावणी आहे ती दोन हजार कोटींच्या मेट्रोला नाही. पर्यावरणाच्या परवानगीची 2006 ची अधिसूचना जनसुनावणी ज्या प्रकल्पांना लावते, त्यांच्या यादीत मेट्रो बसत नाही. मेट्रो जाहीर करायला अर्थसंकल्पातली एक ओळ पुरते आणि विसरायला तीही लागत नाही. तिच्याबद्दल शहरानं रीतसर तोंड उघडावं अशी वेळ कायदा ठेवतो ती एकच, मतदानाची. आणि मतदान यंत्रावर ‘मेट्रो नको’ असं बटण नसतं. ते हवं असेल तर कोणाला तरी स्वतःचं नाव तिथे चिकटवावं लागतं.

उमेदवारी अर्जाबरोबर आणखी एक गोष्ट होते. उमेदवाराला नमुना 26 मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं: घर किती, सोनं किती, अंगावर कर्ज किती, खटले किती. ते वेबसाइटवर चढतं आणि गल्लीतला कोणीही वाचून याच्याकडे दोन दुचाकी कुठून आल्या असं विचारू शकतो. दहा हजारांची अनामत भरणारा माणूस आपली सगळी देणी लिहून देतो, आणि त्याच्यासमोर उभा असलेला 2,092 कोटींचा प्रकल्प काहीच लिहून देत नाही. दोघांना एका व्यासपीठावर आणलं तर लाज कोणाला वाटावी, हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: हरणाऱ्यानं आजवर काय मिळवलंय? याला पुरावा लागतो आणि तो भरपूर आहे. 1996 च्या लोकसभेला आंध्रातल्या नलगोंड्यात 480 उमेदवार उभे राहिले, कारण तिथल्या पाण्यातल्या फ्लोराइडनं माणसांची हाडं वाकत होती आणि सरकारला ते दिसत नव्हतं. त्याच वर्षी बेळगावात सीमाप्रश्नासाठी 456 जण उभे होते. बेळगावला याचा सराव होता. 1985 मध्ये विधानसभेच्या एका जागेला तिथे 301 उमेदवार झाले होते. तामिळनाडूत मोडकुरिची नावाच्या मतदारसंघात शेतकऱ्यांच्या प्रश्नांसाठी 1996 मध्ये 1,033 उमेदवार झाले, आणि त्यातल्या अनेकांना शून्य मतं पडली, म्हणजे त्यांनी स्वतःलाही मत दिलं नाही. याहून निरपेक्ष राजकारण मला माहीत नाही. मतपत्रिकेचं पुस्तक झालं, तारखा पुढे गेल्या आणि सरकार खडबडून जागं झालं. जागं होऊन त्यानं काय केलं? लोकसभेची अनामत 500 वरून 10,000 केली, विधानसभेची 250 वरून 5,000, आणि अपक्षाला एकाऐवजी दहा सूचक आणायला सांगितले. पुढे 2010 पासून हे आकडे 25,000 आणि 10,000 झाले. फ्लोराइड, सीमा आणि शेतकरी या तिन्ही प्रश्नांवर तातडीचा उपाय म्हणून अर्जाची किंमत वाढवण्यात आली. पण दुसऱ्या बाजूनं पाहा: हरणाऱ्यांनी संसदेला कायदा बदलायला लावला. निवडून आलेले कितीतरी जण पाच वर्षांत तेवढंही करत नाहीत.

पुढचं उदाहरण तर नाशिकच्या कांदेवाल्यांनी चौकटीत लावून ठेवावं असं आहे. 2019 ला तेलंगणातल्या निजामाबादेत 185 उमेदवार उभे राहिले, त्यातले पावणेदोनशेच्या आसपास शेतकरी. मागणी एवढीच: हळदीला भाव द्या, हळद मंडळ द्या. समोर मुख्यमंत्र्यांची कन्या, विद्यमान खासदार के. कविता. निवडणूक आयोगानं एकेका केंद्रावर बारा-बारा यंत्रं जोडली; मतदाराला मत द्यायचं तर आधी यंत्रांच्या भिंतीवरून आपला माणूस शोधावा लागत होता. सगळे शेतकरी पडले. पण कविताही पडल्या, आणि ज्यांनी हळद मंडळ आणून देण्याचं बाँडपेपरवर लिहून दिलं होतं ते भाजपचे अरविंद निवडून आले. मंडळ लगेच आलं नाही. 2023 मध्ये जाहीर झालं आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. अनामती गमावून सहा वर्षांनी का होईना, माल मिळाला. नाशिकच्या मेट्रोचा हिशेब याच्याशी ताडून पाहावा: तिच्या बाजूनं इतके सारे निवडून आले, आणि सहा वर्षांनी मिळालं काय?

तिसरा आक्षेप चहाच्या टपरीवरचा आहे आणि तो सगळ्यात हुशार आहे: हा कोणाची तरी मतं खायला उभा केलाय. नाशिक जिल्ह्यात या संशयाला जागा आहे. 2024 च्या लोकसभेला शेजारच्या दिंडोरीत भास्कर भगरे निवडून आले, त्यांचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच यंत्रावर भगरे आडनावाचे आणखी एक उमेदवार होते, त्यांचं चिन्ह नुसती तुतारी, माणूस वगळून. त्यांना लाखाहून जास्त मतं पडली. साताऱ्यात तर तुतारीला पडलेली मतं हरणाऱ्या उमेदवाराच्या पिछाडीपेक्षा अधिक भरली. तेव्हा अपक्ष मतं खातो, हे खरं. पण मेट्रोविरोधक कोणाची खाणार? मेट्रो नको असं म्हणणारा मोठा पक्ष नाशकात शोधून सापडत नाही. सत्ताधाऱ्यांना ती आपण आणतोय असं सांगायचं असतं आणि विरोधकांना ती तुम्ही आणली नाही असं. दोघांच्याही ताटातली भाजी एकच. त्यामुळे आमचा अपक्ष दोघांची सारखीच खाईल आणि निकाल आहे तिथेच राहील. भांडण न बिघडवता प्रश्न तेवढा मांडणारा इतका निरुपद्रवी उमेदवार कोणत्याही लोकशाहीत विरळाच.

त्यानं कुठून उभं राहावं, यावर मात्र थोडं बोललं पाहिजे. महापालिकेतून उभं राहणं म्हणजे चार-चार जागांच्या प्रभागात पॅनेलच्या गर्दीत हरवणं. 31 प्रभाग, 2011 च्या शिरगणतीनं पंधरा लाखांच्या आतबाहेरचं शहर, म्हणजे प्रभागाला सरासरी 48 हजार माणसं. एवढ्यांच्या दारात एकट्यानं जायचं तर मेट्रोच लागेल. शिवाय नगरसेवकाला मेट्रोपेक्षा गटार विचारलं जातं, आणि ते योग्यच आहे. लोकसभेला 25,000 जातात. विधानसभा बरी: मेट्रोला पहिला होकार राज्यानं दिला, पंचवटी नाशिक पूर्वमध्ये येते आणि दहा हजारांत काम भागतं. चिन्हासाठी तीन पसंतीक्रम द्यायचे असतात. शिट्टी, कपबशी असलं काही मिळालं तर ठीक. रोडरोलर मिळाला तर विरोधकाचा प्रचार फार चांगला होईल किंवा अजिबात होणार नाही.

आता चौथा आक्षेप, जो आमच्या उमेदवाराला खरोखर जड जाणार आहे. विकासाला विरोध, हे नाव त्याला चिकटेल. ते सोसता येतं. पण द्वारका चौकात संध्याकाळी अर्धा तास उभा राहिलेला माणूस त्याला विचारेल, मेट्रो नको तर मग काय? बस म्हणावं, तर सिटीलिंक 8 जुलै 2021 पासून धावते, तोट्यात चालते आणि वाहकांच्या पगारावरून अधूनमधून बंद पडते. शिवाय बस त्याच कोंडीत उभी राहते जिच्यात मोटारी उभ्या असतात; वरून जाणारी गाडी निदान कोंडीच्या वरून जाईल. हा मुद्दा चोख आहे आणि उमेदवारानं तो मान्य करावा. पंचवटीपुरतं त्याचं उत्तर एवढंच असू शकतं, की मेट्रो ज्या रुंद रस्त्यांवर उभी राहणार त्या रस्त्यांवर पर्याय आधीच आहेत, आणि जिथे पर्याय नाहीत त्या सरदार चौकात, सीतागुंफेच्या बोळात, गणेशवाडीत खांब सोडा, हातगाडी आडवी झाली तरी वाहतूक थांबते. इथली वाहतूक पायांची आहे. सिंहस्थात तर मोटारी बाहेरच अडवतात आणि लाखो माणसं मैलोगणती चालत रामकुंडावर येतात. 2003 मध्ये याच बोळांतल्या चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. तेव्हा गाड्या नव्हत्या, माणसांना जायला जागा नव्हती. त्या जागेचा प्रश्न कोणत्याही मार्गिकेच्या आराखड्यात येत नाही. हे तो बोलला, तर निम्मे लोक मान डोलावतील आणि मत दुसऱ्याला देतील.

देऊ देत. कारण खरा धोका त्यानं निवडून येण्याचा आहे. कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, हे घडलेलं आहे. 2006 मध्ये लॅरी ओब्रायन नावाचा उद्योजक महापौरपदाला उभा राहिला. राजकारणाचा अनुभव शून्य, आणि हलक्या रेल्वेच्या मंजूर झालेल्या उत्तर-दक्षिण मार्गाला त्याचा विरोध. तो चक्क निवडून आला. डिसेंबरात परिषदेनं प्रकल्प रद्द केला, कंपन्या कोर्टात गेल्या आणि 2009 मध्ये शहरानं साडेतीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजून तडजोड केली. न बांधलेल्या रेल्वेचे एवढे पैसे! मग शहरानं वेगळी रेल्वे बांधलीच. ती 2019 ला सुरू झाली, तिचे दरवाजे अडकले, डबे घसरले आणि चौकशी आयोग बसला. यातून मेट्रोचे समर्थक म्हणतील, पाहा, विरोधकाचं ऐकलं की असं होतं. विरोधक म्हणेल, पाहा, रेल्वे बांधली की असं होतं. माझ्या मते दोघांनाही यातून एकच गोष्ट घेता येते: विरोध करार होण्याआधी झाला तर स्वस्त पडतो. करार झाल्यावर विरोधक जिंकला तर शहराला कोट्यवधी पडतात. एकही खांब नसताना तो हरला तर त्याला स्वतःला दहा हजार पडतात. नाशिक आज नेमकं त्या स्वस्त टप्प्यावर उभं आहे, आणि ही संधी फार काळ टिकेल असं धरून चालू नये. सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे. कुंभाच्या निधीत कोणत्या फायलीला कधी पाय फुटतील हे कोणी सांगावं?

विधानसभेला अनामत वाचवायची तर एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं लागतात. एवढी मतं मेट्रोविरोधाला पडली तर तो विरोधक राहणार नाही, कोणता तरी पक्ष त्याला पुढच्या वेळी तिकीट देईल आणि तो मेट्रोचं भूमिपूजन करील. म्हणून त्यानं थोडक्यात, सन्मानानं आणि नक्की पडावं, ही समर्थकांचीच गरज आहे. त्याचा प्रचार चालू असेपर्यंत मेट्रोवर बोललं जाईल. तिचा मार्ग, तिचं कर्ज, तिचं ते गंगेपलीकडे न येणारं पंचवटी स्थानक यांची चर्चा होईल आणि सत्तेतल्या उमेदवाराला एकदा तरी उत्तर द्यावं लागेल: कधी, किती आणि कुठून. हे उत्तर मेट्रोवाल्यांनी इतकी वर्षं मागून त्यांना मिळालेलं नाही. दहा हजार रुपयांत ते मिळत असेल, तर 2,092 कोटींच्या प्रकल्पाच्या मानानं ही रक्कम चिल्लर आहे. व्यापारी संघटना, बिल्डर, नागरी मंच, जे जे मेट्रोसाठी निवेदनं देतात त्यांनी एका निवेदनाचा हार-तुरे-छायाचित्र यांचा खर्च वाचवला तरी अनामत निघते. राहता राहिले ते दहा सूचक. ते त्याच मतदारसंघाचे मतदार असले पाहिजेत, एवढीच कायद्याची अट आहे. त्यांना मेट्रो हवी की नको, हा रकाना अर्जात नाही. त्यामुळे दहाच्या दहा सह्या मेट्रोवाल्यांच्या असल्या, तरी छाननीत अर्ज बाद होण्याचं कारण नाही.